लहानपणी ‘आगाऊपणा करू नकोस’, आता ‘प्रोॲक्टिव्ह व्हा’

पत्राचा सारांश

पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत. मराठी माध्यमातून शिकल्या, डिप्लोमा केला, आणि गेली ११ वर्षं पुण्याजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतात. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात. यंदाच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी त्यांच्याबद्दल लिहिलं: ‘रिलायबल, बट रिॲक्टिव्ह. पॅसिव्ह इन मीटिंग्ज. नॉट अ सेल्फ-स्टार्टर. नीड्स टु बी प्रोॲक्टिव्ह.’ म्हणजे भरवशाच्या, पण काही घडल्यावरच हलणाऱ्या; मीटिंगमध्ये गप्प; आपणहून सुरुवात न करणाऱ्या; आधीच पाऊल उचलायला हवं. त्यांच्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या सहकाऱ्याला ‘गो-गेटर’ असा शेरा मिळाला, पाठोपाठ बढतीही मिळाली. त्या रात्री त्यांनी या शब्दांचे अर्थ शोधले आणि वहीत दोन रकाने केले. एका बाजूला डुअर (करणारा), गो-गेटर, सेल्फ-स्टार्टर. दुसऱ्या बाजूला प्रोक्रॅस्टिनेटर (चालढकल करणारा), स्लॅकर (कामचुकार), फेन्स-सिटर (कुठलीच बाजू न घेणारा), बायस्टँडर (नुसता बघत उभा राहणारा). ‘दुसरा रकाना वाचताना आरशात बघितल्यासारखं झालं,’ असं त्या लिहितात. घरी मात्र सासूबाई चारचौघांत ‘आमची सून कर्तीसवरती आहे’ म्हणून सांगतात. आता १५ दिवसांत एक इंग्रजी फॉर्म भरायचा आहे. त्यात स्वतःचं वर्णन तीन शब्दांत करायचं आहे. त्या विचारतात: कोणते शब्द लिहू? आणि मी खरंच त्या दुसऱ्या रकान्यातली आहे का?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. गेल्या एप्रिलमधल्या त्या लॉटबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘कास्टिंगमध्ये ब्लोहोल दिसले, डिस्पॅचची गाडी लागली होती, पण लॉट होल्डला टाकला गेला आणि पुढचा घोळ टळला.’ (ब्लोहोल म्हणजे ओतीव भागात राहिलेली पोकळी, आणि होल्ड म्हणजे माल पाठवायचा थांबवणं.)

टाकला गेला? कोणी टाकला? गाडी दारात उभी, डिस्पॅचवाले घड्याळ बघताहेत, प्रॉडक्शनवाले कपाळाला आठ्या घालून उभे, आणि अशा वेळी कोणीतरी लाल टॅग लावून म्हणालं, ‘हा माल जाणार नाही.’ ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच ना? अख्ख्या परिच्छेदात ‘मी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. माझ्यासारख्या परक्या बाईला मन मोकळं करून लिहितानाही तुम्ही स्वतःला असं पुसून टाकलंत. मग साहेबांना गेलेल्या मेलमध्ये काय लिहिलं असेल, ते मला न बघताच कळतं: ‘द लॉट वॉज पुट ऑन होल्ड.’ लॉट आपला आपणच जाऊन बाजूला बसला!

याकडे मी पुन्हा येणार आहे. पण आधी तो आरसा बघू, कारण तुमचा सगळा त्रास त्या दोन रकान्यांत आहे. मी २२ वर्षं इंग्रजी शिकवलं. तालुक्याच्या गावातून आलेली मुलं एखादा इंग्रजी शब्द डॉक्टरच्या रिपोर्टसारखा मनाला लावून घेतात, हे मी खूप वेळा पाहिलंय. मराठीत कोणी ‘आळशी’ म्हटलं तर आपण लगेच विचारतो, म्हणणारा कोण, रागात म्हणाला की लाडात? इंग्रजीत ‘पॅसिव्ह’ म्हटलं की तपासणीचा निकाल आल्यासारखे गप्प बसतो. तर हे शब्द कुठून आले ते जरा बघू.

सेल्फ-स्टार्टर घ्या. हा शब्द घराघरात पोचला तो मोटारीमुळे. त्याआधी गाडीच्या तोंडाशी उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला, विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि हँडलची कटकट गेली. तुमच्या दुचाकीला आज जे ‘सेल्फ’चं बटण आहे, त्याचा हा पूर्वज. आता मला सांगा, थंडीच्या सकाळी बॅटरी उतरलेली असली तर सेल्फ घेतो का? कितीही वेळा बटण दाबा, नुसता कुर्र कुर्र आवाज. शेवटी किक मारावी लागते. म्हणजे सेल्फलासुद्धा बॅटरी लागते, आणि बटण दाबणारा अंगठाही लागतो. एका मीटिंगमध्ये तुम्ही सूचना मांडली आणि साहेब ‘ते आपण नंतर बघू’ म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. त्यानंतर तुम्ही मीटिंगमध्ये बोलणं सोडलंत. साहेब म्हणतात सेल्फ घेत नाही. बॅटरी कोणी चार्ज करायची, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नाही. पण तो रास्त प्रश्न आहे, आणि तो विचारायचा कसा ते पुढे सांगते.

पॅसिव्ह हा शब्द लॅटिनमधल्या ‘सोसणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. त्याच धातूपासून पेशंट आला, पेशन्स आला आणि पॅशनही आला. ज्या मुळातून तुम्हाला कमीपणा आणणारा शब्द निघाला, त्याच मुळातून धीर धरणाऱ्याचा आणि झपाटलेल्याचाही निघाला. स्लॅकर तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यभरती टाळणाऱ्यांना हिणवायला वापरला जात होता. १९१८ साली तिथे रस्त्यावर तरुणांना थांबवून भरतीची कागदपत्रं तपासत, त्या धाडींना ‘स्लॅकर रेड’ म्हणत. भरतीला जाणं त्या मुलांना पटतं की नाही, हे तो शब्द विचारत नव्हता. ज्याला तुमच्याकडून काही हवं असतं, तो अशी नावं ठेवतो. त्याचं म्हणणं कधी खरंही असतं, पण ते त्याच्या जागेवरून दिसलेलं असतं.

आणि आता तुमचा तो प्रोॲक्टिव्ह. १९३० च्या दशकात मानसशास्त्रात हा शब्द अगदी वेगळ्या कामाला होता. आधी शिकलेलं नंतर शिकायच्या गोष्टीला आडवं येतं, त्याला ‘प्रोॲक्टिव्ह’ अडथळा म्हणत. नवा फोन नंबर सांगायला जावं आणि तोंडातून जुना निघावा, तसं. पुढे त्याला ‘आधीच पाऊल उचलणारा’ असा अर्थ आला. १९८९ साली स्टीफन कव्ही यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकातल्या सात सवयींमध्ये त्याला पहिलं स्थान दिलं आणि तो जगभरच्या ऑफिसांत शिरला. तुमच्या फॉर्मवर आला तो असा.

त्या जुन्या अर्थावर मी बराच वेळ थांबले, कारण तुमच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू आहेत. आधी शिकलेलं तुम्हाला आडवं येतंय. काय शिकलो होतो आपण सगळ्याजणी? ‘आगाऊपणा करू नकोस.’ पाहुण्यांसमोर विचारल्याशिवाय बोललं की आगाऊ. वर्गात सरांचं चुकलं म्हणून सांगितलं की आगाऊ. माहेरी आगाऊ, सासरी ‘फार पुढेपुढे करते’. आता याच शब्दाचा दुसरा अर्थ बघा. आगाऊ रक्कम, आगाऊ तिकीट, आगाऊ सूचना. वेळेच्या आधी केलेलं ते आगाऊ. प्रोॲक्टिव्हला याहून नेमका मराठी शब्द मला तरी सापडत नाही. ज्या गोष्टीसाठी वीस वर्षं डोळे वटारले, तीच आज पगारवाढीची अट झाली आहे. पुढाकार आणि पुढेपुढे करणं यांतला ‘पुढे’ एकच आहे, आणि पुरुषाने केला तर पुढाकार, बाईने केला तर पुढेपुढे, हे आपल्याला कोणी शब्दांत शिकवलं नसलं तरी आपण शिकलोय. इंग्रजीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिथे ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे आणि ‘फॉरवर्ड’ म्हणजे आगाऊही. ज्या कामाला पुरुष गो-गेटर ठरतो, त्याच कामाला बाई पुशी किंवा बॉसी ठरते, हे ऑफिसात काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

म्हणून तुम्ही गप्प बसता तो स्वभावदोष आहे, असं मला वाटत नाही. तुम्ही एक धडा चोख पाठ केलात आणि आता परीक्षेला पुस्तकच बदललं. हे एकदा कळलं की स्वतःवरचा राग कमी होईल, आणि राग कमी झाला की नवं शिकायला जागा होईल. ते शिकावं मात्र लागेल, ते सुटणार नाही.

तुमच्या रकान्यांबद्दल आणखी एक. डावीकडे सगळे चांगले आणि उजवीकडे सगळे वाईट, अशी वाटणी तुम्ही केलीत. पण इंग्रजीतच बिझीबॉडी आहे, मेडलर आहे, दोघेही नसत्या कामात नाक खुपसणारे. ऑफिशसचा अर्थ एकेकाळी सेवेला तत्पर असा होता, आज नसती लुडबुड करणारा असा आहे. आपल्याकडे उपद्व्यापी आहे, खटपट्या आहे, आणि माझा आवडता आरंभशूर आहे. सुरुवातीला तलवार काढणारा आणि दुसऱ्या दिवशी न सापडणारा. हे सगळे ‘करणारे’च आहेत ना? तुमच्या कारखान्यात असा एखादा असणारच. त्याने सुरू केलेलं निस्तरायला कोण जातं, तेही मला ठाऊक आहे.

सहकाऱ्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत होता येत नाही. तो नुसता बोलघेवडा आहे, असं तुम्ही सुचवता. असेलही. पण त्याचं काम दिसतं आणि तुमचं दिसत नाही, हा कामाच्या जातीचा फरक आहे. गो-गेटर म्हणजे जाऊन घेऊन येणारा, आणि त्याने आणलेलं टेबलावर ठेवता येतं. तुमच्या कामाचं फळ म्हणजे न आलेली तक्रार, न परतलेला माल. जे घडलंच नाही, ते टेबलावर कसं ठेवणार? नर्स, लेखापरीक्षक, लहान मुलांच्या बाई, रेल्वेरुळांची देखभाल करणारे, सगळ्यांचं हेच आहे. तुमच्यासारख्याच शेऱ्याने दुखावलेलं जे कोणी हे वाचत असेल, त्यांनाही सांगते: टाळलेलं संकट लिहून ठेवलं नाही तर त्याचा पुरावा उरत नाही.

आता कडू भाग. पत्राच्या शेवटी, जणू जाता जाता, तुम्ही लिहिलंय की बोअर, म्हणजे भोकाचं माप, तपासायच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी ती बाजू, झिजली असावी असा संशय तुम्हाला दिवाळीपासून आहे. कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचं माप पडताळायची, तारीख लांब आहे, म्हणून कोणी विचारलं नाही. मेल तीनदा टाइप केला आणि तीनदा पुसला. इथे साहेबांचा शेरा बरोबर आहे. गो बाजू झिजली की लहान भोकंही पास होतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा शंभर पटींनी जाणता. लाल टॅग लावणाऱ्या बाईंनी इथे मात्र कोणीतरी विचारायची वाट पाहिली.

म्हणून तुम्ही प्रोक्रॅस्टिनेटर ठरता का? या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘उद्या’ आहे. आपला शब्द आहे दीर्घसूत्री. गीतेच्या १८ व्या अध्यायात तो येतो आणि तिथे दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, दीर्घसूत्री हा तिथे कर्त्याचाच एक प्रकार मानलाय, तामस कर्ता, पण कर्ताच. कर्त्याच्या विरुद्ध टोकाला त्याला बसवलेलं नाही. दोन, त्याच्या अगदी मांडीला मांडी लावून शब्द बसलाय ‘विषादी’. खिन्न आणि चालढकल करणारा, शेजारी शेजारी. टिमथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉई हे मानसशास्त्रज्ञ आज याच्या जवळपासचं सांगतात: चालढकल ही बहुतेकदा वेळ न सांभाळता येण्यापेक्षा नकोशी भावना टाळण्याची धडपड असते. मेल पुसला की क्षणभर बरं वाटतं, म्हणून आपण तो पुसतो.

माझ्या धाकट्या भावाने आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद आठ महिने नेऊन दिले नव्हते. मी त्याला नको नको ते बोलले. मग एकदा त्याच्या घरी गेले तर ती फाइल टीव्हीखालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला वर रबर. दर दोन-चार दिवसांनी तो ती काढायचा आणि परत ठेवायचा. फॉर्म इंग्रजीत होता आणि मागे एकदा त्या कार्यालयात कोणीतरी सगळ्यांसमोर त्याच्या स्पेलिंगला हसलं होतं. आम्ही दोघांनी बसून फॉर्म भरला, चाळीस मिनिटं लागली. आठ महिने मी त्याला आळशी म्हणत होते आणि त्याला खरं तर भीती वाटत होती. मला त्याची आजही लाज वाटते. तुमच्या मेलमागेही काय आहे ते तुम्हीच सांगितलंय: सीसीमध्ये अकरा जण, इंग्रजी चुकलं तर?

तर आता काय करायचं ते बोलू.

फॉर्म भरायच्या आधी साहेबांकडे दहा मिनिटं मागा. शेऱ्यावर वाद घालू नका, ‘मी पण खूप काम करते’ हे तर मुळीच म्हणू नका. एवढंच विचारा: ‘सर, गेल्या वर्षातले असे दोन प्रसंग सांगाल का, जिथे मी आधी पाऊल उचलायला हवं होतं? आणि तिथे मी नेमकं काय केलेलं तुम्हाला चाललं असतं?’ हे मराठीत विचारलं तरी चालेल, साहेबांना मराठी येतं असं तुम्हीच लिहिलंय. उत्तर दोनपैकी एक येईल. एक तर प्रसंग सांगतील, मग काय शिकायचं ते कळेल. किंवा सांगता येणार नाहीत, मग त्यांनाही कळेल की शेरा सवयीने लिहिला गेला. पाठोपाठ बॅटरीचा प्रश्न विचारा: ‘लॉट होल्ड करणं, गेज बदलायला काढणं, यातलं काय मी परवानगीशिवाय करू शकते?’ याचं उत्तर आलं की त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने त्यांना परत पाठवा, म्हणजे ते लेखी राहील.

मीटिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच एक वाक्य बोला, मग ते आकडा सांगणं का असेना. जितका वेळ जातो तितकं तोंड उघडणं अवघड होतं.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. रोज तीन ओळी: काय दिसलं, मी काय केलं, त्याने काय टळलं. मधल्या ओळीची सुरुवात ‘मी’ने झालीच पाहिजे. मराठीत लिहा, इंग्रजीची घाई नको. पहिले काही दिवस हात अडेल, स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटेल. तो जुना आगाऊपणाचा धडाच तुमचा हात धरत असेल. तरी लिहा.

फॉर्मचे तीन शब्द. गो-गेटर लिहू नका. तो दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणायचा शब्द आहे, स्वतःबद्दल लिहिला की पोकळ वाजतो. सेल्फ-स्टार्टरही नको, साहेबांना तो उलट उत्तर दिल्यासारखा वाटेल. हार्डवर्किंग सगळेच लिहितात, त्यामुळे त्याला वजन उरलेलं नाही. मी असते तर थरो (काटेकोर), व्हिजिलंट (दक्ष) आणि रिलायबल लिहिलं असतं. रिलायबल तुम्हाला उरलंसुरलं कौतुक वाटतंय, पण साहेबांनी शेऱ्याची सुरुवात त्याने केली आहे. डिस्पॅचची गाडी थांबवणाऱ्या माणसाबद्दल तो शब्द हलका नाही. मात्र नुसते शब्द सोडू नका, प्रत्येकापुढे एक घडलेली गोष्ट, क्रियापदासकट. ‘आय स्टॉप्ड अ डिस्पॅच इन एप्रिल आफ्टर आय फाउंड ब्लोहोल्स.’ बस. महिना आहे, काम आहे, आणि वाक्याच्या तोंडाशी ‘आय’ आहे. वाक्य जमलं नाही तर कोणाकडून तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही, माझं स्वतःचं इंग्रजी मी अजून मुलीला दाखवते.

तुमची मुलगी चौथीत आहे आणि तिच्याही प्रगतिपुस्तकात ‘पॅसिव्ह इन क्लास’ आहे, असं तुम्ही कंसात लिहिलंय. बाईंना भेटलात की त्यांनाही तेच विचारा: कोणत्या तासाला, काय विचारलं तेव्हा ती गप्प होती? घरात तो शब्द तिच्यासमोर उच्चारू नका. आणि ती पाहुण्यांसमोर मध्येच बोलली तर एकदा बोलू द्या.

राहिला तो मेल. फॉर्मला १५ दिवस आहेत, गेजला नाहीत. उद्या पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आत पाठवा. अकरा जणांना नको, फक्त साहेब आणि टूलरूम. तीन वाक्यं पुरेत: मला अमुक नंबरच्या प्लग गेजची गो बाजू झिजल्याचा संशय आहे. मी ते आज वापरातून काढून तपासणीला देते आहे, तोपर्यंत दुसरं गेज वापरू. हरकत असल्यास नऊच्या आत कळवा. तपासणीत झीज निघाली, तर दिवाळीपासूनच्या मालाचं काय करायचं हेही त्याच दिवशी विचारा, ते लपवू नका. आणि गेज शाबूत निघालं तरी वहीत लिहा: मी काढलं, मी तपासायला दिलं.

तुमची,
सदरलेखिका